लोडरचा पंप, दाजींचं गेज आणि सव्वा इंची पायप

सकाळी सातला चालू केला की ट्रॅक्टरच्या पुढचा लोडर अगदी शहाण्या पोरासारखा वागायचा. शेणखताच्या चार-पाच बकेट ट्रॉलीत पडेपर्यंत काय म्हणून तक्रार नाही. मग एकदा तेल तापलं की पुढनं पंप रडायला सुरुवात, म्हणजे मिक्सरच्या भांड्यात कुणी मूठभर खडे टाकलेत असा आवाज, आणि लोडरचे हात वर जाताना थांबत थांबत, गचके खात, जोतिबाच्या पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्यागत. लोडरच्या तेलाच्या टाकीचं झाकण काढून बघितलं तर आत तेल कुठलं, ताक होतं ताक. पांढरट, फेसाळलेलं.

हे सगळं ऐन उन्हाळ्यात, खत ओढायच्या दिवसात. मी शिरोलीला फाउंड्रीत शिफ्टला असतो, शेती बघतात आबा, आणि ट्रॅक्टरचं काय दुखलं खुपलं की सुट्टीचा दिवस माझा गेला म्हणून समजायचं. ट्रॅक्टर मॅसी १०३५, सेकंड हॅन्ड घेतलेला, पुढचा लोडर कुणीतरी नंतर बसवलेला. व्यवहार झाल्यावर सहा महिन्यांनी कळलं की २०२१ च्या जुलैमधल्या पुरात तो आधीच्या मालकाच्या दारात चार दिवस पाण्यात उभा होता. घेताना कोण सांगतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एक सांगतो. मॅसीची मागची लिफ्ट चालवणारा पंप गिअरबॉक्सच्या पोटात असतो, पीटीओच्या, म्हणजे मागची अवजारं फिरवणाऱ्या, शाफ्टवर, त्याचा आणि पुढच्या लोडरचा आमच्याकडं काहीही संबंध नाही. लोडरला वेगळा गिअर पंप, तो इंजिनच्या पुढं क्रँकच्या पुलीला कपलिंग लावून फिरवलाय, टाकी वेगळी, व्हॉल्व्ह वेगळा. म्हणजे नांगरताना लिफ्ट ठणठणीत आणि लोडर मात्र आजारी, असं होऊ शकतं आणि आमचं तसंच होतं.

आता निदान. आपल्याकडं ट्रॅक्टर बंद पडला की आधी माणसं गोळा होतात आणि मग पाने. पहिल्या मिस्त्रींनी आवाज ऐकला, टाकीत बोट बुडवून बघितलं, आणि चहा यायच्या आत निकाल दिला, "पंप गेला. बदला." दुसऱ्यांनी सांगितलं सिलिंडरची सील किट टाका. तिसरा म्हणाला तेलात पाणी आहे, सगळं ओता आणि नवीन ६८ नंबर भरा. अडचण एवढीच की पंप आधीच्या मालकानं दोनदा बदललेला, त्याचीच बिलं त्यानं मला मोठ्या अभिमानानं दाखवली होती, "नवीन पंप हाय बघा." तिसरा पंप माझ्या नावावर लिहिलेला होता म्हणायचं.

पाण्याची शंका मला पण होती, पुरात भिजलेला म्हटल्यावर. म्हणून आधी ते बघितलं. फेसाळलेलं तेल काचेच्या बाटलीत घेऊन खिडकीत ठेवून दिलं. हवा असेल तर तास-दोन तासात बुडबुडे वर येऊन तेल स्वच्छ होतं, पाणी असेल तर दुधाळपणा तसाच राहतो नाहीतर खाली पाणी बसतं. तासाभरात आमचं तेल काचेसारखं नितळ झालं. तरी खात्री म्हणून तापलेल्या तव्यावर दोन थेंब टाकले. पाणी असलं की फोडणीसारखं तडतडतं, हे काय तडतडलं नाही, नुसता धूर झाला. तवा भाकरीचा होता. त्यानंतर आईनं जे काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

म्हणजे पाणी नाही, हवा. किंवा हवेसारखं काहीतरी. पण कुठनं?

इथं आबांनी जाता जाता एक वाक्य टाकलं, त्यांना त्याचं काही विशेष वाटलं पण नाही. मी रेस वाढवून हात वर न्यायला बघतोय, पंप बोंबलतोय, आणि आबा बांधावरनं म्हणाले, "रेस कमी ठेव की गा, कमी रेसला कुठं रडतंय ते." मी म्हटलं बरोबर आहे. कमी रेसला सावकाश जातो पण गुमान जातो. रेस वाढवली की बिघडतो.

रात्री जेवताना डोक्यात उजेड पडला. पंप झिजलेला असेल तर उलट व्हायला पाहिजे ना. झिजलेल्या पंपात तेल आतल्या आत मागं पळतं, गरम झाल्यावर पातळ होऊन जास्तच पळतं, त्यामुळं कमी रेसला तो दम सोडतो आणि रेस वाढवली की जरा सुधारतो. आमचा रेस वाढवली की बिघडतोय. म्हणजे पंपाला जेवढं तेल पाहिजे तेवढं मागनं मिळत नाही, तो उपाशी आहे, आणि जेवढा जोरात फिरेल तेवढी भूक जास्त. उपाशी पंपाच्या तोंडाशी प्रेशर इतकं पडतं की तेलात विरघळलेली हवा बाहेर येते, बुडबुडे तयार होतात, आणि ते पुढं प्रेशरच्या बाजूला गेले की फुटतात. तो खड्यांचा आवाज म्हणजे हे फुटणं. वर सक्शनच्या, म्हणजे टाकीतनं पंपाकडं तेल ओढणाऱ्या बाजूच्या, ढिल्या जॉइंटमधनं नाहीतर शाफ्टच्या सीलमधनं बाहेरची हवा पण ओढली जाते, मग ताक.

आता नुसतं डोक्यात येऊन उपयोग नाही, मोजायला पाहिजे. प्रेशर गेज कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं आणलं, टी लावून पंपाच्या पुढं बसवलं. तेल पूर्ण गरम, रेस कमी, सिलिंडर शेवटपर्यंत नेऊन लिव्हर धरून ठेवला, काटा चौरस सेंटिमीटरला १४० किलोवर जाऊन ठाम उभा. सकाळी थंड असताना पण १४०. म्हणजे जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह बरोबर त्याच जागी उघडतोय आणि पंप गरम झाल्यावरही प्रेशर बनवतोय. ६३ एमएमचा सिलिंडर, क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटिमीटरच्या वर, गुणिले १४०, एका सिलिंडरची ढकल ४३०० किलोच्या वर. ताकदीला काही कमी नव्हतं. रेस वाढवली की मात्र काटा असा थरथरायला लागला की आकडा वाचता येईना.

पुढचं गेज पाहिजे होतं व्हॅक्यूमचं, सक्शन साइडला लावायला. ते कुठनं आणायचं? तेव्हा दाजी आठवले. दाजींच्या गोठ्यात आठ म्हशी, संघाला दूध घालतात, मिल्किंग मशीन आहे, आणि मिल्किंग मशीनला व्हॅक्यूम गेज असतं! संध्याकाळचं दूध झाल्यावर गेलो, गोड बोललो, एका रात्रीपुरतं गेज मागितलं. दाजी म्हणाले, "सकाळी पाचला परत पायजे. म्हशी थांबत न्हाईत तुझ्या लोडरसाठी." गेजला तेल लागू नये म्हणून मध्ये हातभर पारदर्शक नळीचा वेढा दिला आणि पंपाच्या सक्शनजवळ टी टाकून बसवलं.

मशीननं दूध काढताना काटा साधारण ५० किलोपास्कलच्या आसपास असतो. आता हे बघा. लोडर थंड, आयडलला, काटा १० वर. ठीक. अर्धा तास चालवून तेल तापवलं आणि रेस १५०० वर नेली, काटा २० झाला, ३० झाला, आणि ४५ च्या पुढं जाऊन पंप बोंबलायला लागला. गिअर पंपाच्या तोंडाशी २०-३० च्या वर जाऊ द्यायचं नसतं आणि आमचा पंप म्हशीचं दूध निघेल एवढ्या जोरात टाकीतनं तेल ओढत होता. बिचाऱ्याला दोनदा बदललं.

सक्शनचा पायप बाहेरनं बघितला तर एकदम धडधाकट, कुठं चीर नाही, फुगवटा नाही. पंपाकडनं सोडवून उभा चिरला. आतला रबराचा थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. थंड असताना ती जीभ कडक, तेल बाजूनं जायचं. तापली की मऊ, आणि ओढ वाढली की जाऊन भोकावर चिकटायची. सगळा खेळ या वीतभर रबराचा. आणि पायप मुळात पाऊण इंची. टाकीतली जाळी आधीच कुणीतरी काढून फेकलेली, तुंबते म्हणून असणार, आणि टाकीच्या तळाला गंजाचे पापुद्रे, पुराची आठवण.

इथं नुसता सक्शन पायप बदलून गप्प बसता आलं असतं. पण एकदा उघडल्यावर बाकीचं जे दिसलं ते बघून राहवलं नाही. रिटर्नचा पायप टाकीत वरनं धबधब्यासारखा पडत होता, तेलाच्या पातळीच्या वर, म्हणजे फेस करायचा कारखाना. टाकी २० लिटरची. आणि ट्रॉलीच्या डंपिंग जॅकचा व्हॉल्व्ह ज्यानं कुणी जोडला होता त्याला दंडवत, त्यावर पुढं येतो. तेव्हा ठरवलं, सगळी लाइन नव्यानं करायची.

हिशोब करायला घेतला. पंपावर २५ सीसी कोरलेलं आहे, म्हणजे एका फेऱ्याला २५ सीसी तेल, १५०० फेऱ्यांना मिनिटाला साडेसदतीस लिटर. हे तेल पाऊण इंची पायपातनं जायला सेकंदाला सव्वादोन मीटरनं पळायला लागतं. सक्शनला एक मीटरच्या आसपास ठेवावं, कमी असलं तर उत्तमच. सव्वा इंची घेतला की पाऊण मीटरच्या जरा वर येतं. प्रेशर लाइनला अर्धा इंची चालतो, तिथं पाच मीटरच्या जवळ जातं पण तिथं पंप ढकलतोय, ओढत नाही. सक्शनच्या पायपात आत स्प्रिंगसारखी तार पाहिजे, म्हणजे ओढीनं चपटा होत नाही. हे होसच्या दुकानात स्पष्ट सांगून घ्या, नाहीतर पाण्याच्या मोटरचा पायप कापून हातात देतील.

टाकी गावातल्याच वेल्डिंगवाल्याकडनं बनवली, ३ एमएमचा पत्रा, ६० लिटर. मध्ये आडवा पडदा, म्हणजे एका बाजूला पडलेलं गरम तेल लगेच दुसऱ्या बाजूनं ओढलं जात नाही, वळसा घालून येतं, तेवढ्यात बुडबुडे वर निघून जातात. रिटर्न पायप तेलाच्या खाली बुडवलेला, टोक तिरकं कापून भिंतीकडं तोंड. सक्शन तळापासनं दोन इंच वर. रिटर्नला फिल्टर, सक्शनला जाळी परत. वेल्डिंगचा कीस आत राहिला तर नवीन टाकीच पंप खाईल, म्हणून डिझेलनं तीनदा धुतली आणि प्रत्येक वेळी फडक्याला काळं लागतच होतं.

एक अख्खा शनिवार आट्यांत गेला. पंपाला बीएसपी म्हणजे ब्रिटिश आटे, सिलिंडरला मेट्रिक, आणि व्हॉल्व्हच्या एका तोंडाला मागच्या कुणीतरी एनपीटीचा, म्हणजे अमेरिकन आट्यांचा, निपल टेफ्लॉन टेप गुंडाळून आवळलेला. अर्धा इंची बीएसपी आणि अर्धा इंची एनपीटी, दोन्हीला इंचात १४ आटे, त्यामुळं हातानं दोन-तीन फेरे मस्त बसतात आणि आपल्याला वाटतं जमलं. पण एकाच्या आट्याचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०, आणि एनपीटी निमुळता असतो. आवळाल तेवढं गळणार, जास्त आवळलं तर व्हॉल्व्हचं तोंडच फुटणार. निपल काढल्यावर टेपच्या पांढऱ्या चिंध्या स्पूलच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकणाऱ्या दांड्याच्या, खाचेत सापडल्या. बीएसपीला डाउटी वॉशर, म्हणजे आत रबराची कड असलेला धातूचा वॉशर, टाकायचा, विषय संपला, टेपची गरजच नाही. उद्यमनगरात अडॅप्टरच्या दुकानात मी जुने सगळे निपल पिशवीत घालून घेऊन गेलो होतो, काउंटरवर ओतले, तिथल्या पोरानं कॅलिपर आणि थ्रेड गेज लावून वीस मिनिटात सगळे वेगळे करून दिले. तोंडानं "अर्धा इंची द्या" म्हणून घेतलं असतं तर पाच चकरा होत्या.

होस डबल वायरचे क्रिंप करून घेतले. माप घेताना हात पूर्ण वर आणि पूर्ण खाली, बकेट दोन्ही टोकांना, असं चारही वेळा दोरी लावून बघितलं. प्रेशर आलं की होस जरा आखडतो, त्यामुळं ताणून बसवायचा नाही, आणि अर्धा इंची डबल वायरला सात इंचापेक्षा लहान वळण द्यायचं नाही. होसवरची छापील रेघ सरळ दिसली पाहिजे. ती पिळलेली दिसली तर होस पिळलाय.

आता ते ट्रॉलीचं. लोडरच्या व्हॉल्व्हचा टाकीकडं जाणारा पोर्ट असतो ना, त्याच पोर्टातनं पायप काढून ट्रॉलीच्या व्हॉल्व्हला दिलेला. चालतं, नाही असं नाही. लिव्हर मधोमध असताना तेल पहिल्या व्हॉल्व्हमधनं आरपार जातं, पुढं दुसऱ्याला मिळतं. पण ट्रॉली उचलताना सगळं १४० किलो प्रेशर पहिल्या व्हॉल्व्हच्या टाकीच्या बाजूला येतं, आणि ती बाजू बिनप्रेशरची समजून बनवलेली असते. म्हणूनच ट्रॉली उचलली की लोडरच्या लिव्हरखालनं तेल पाझरायचं आणि आम्ही दर वर्षी तिथले ओरिंग बदलत बसायचो. त्यासाठी पावर बियॉन्डचा स्लीव्ह मिळतो, आमच्या व्हॉल्व्हला बसणारा मिळाला. तो घातला की पुढं जाणारं प्रेशरचं तेल वेगळ्या वाटेनं जातं आणि टाकीची वाट वेगळी राहते. टाकीला एक पायप जास्त लागला, बस.

आणि हात खाली यायचं काय? उचलून ठेवलेला लोडर चहा पिऊन येईपर्यंत वीतभर खाली बसायचा, त्यावरनं सील किटचा सल्ला. पण विचार करा, व्हॉल्व्हनं दोन्ही बाजू खरंच बंद केल्या असतील तर पिस्टनचं सील फाटलं तरी हात जरासा दबून थांबायला पाहिजे. रॉड आत यायचा तर रॉडच्या जाडीएवढं तेल कुठंतरी बाहेर जायला पाहिजे ना, ते कुठं जाणार? बसतच चाललाय म्हणजे तेल स्पूलमधनं निसटतंय. तरी खात्री केली. बकेट जमिनीवर, रॉडकडची पिन काढली, सिलिंडर पूर्ण आत घेतला, इंजिन बंद करून लिव्हर हलवून प्रेशर सोडलं, मागचा होस सोडवून व्हॉल्व्हच्या बाजूला बूच मारलं, परत चालू करून रॉडच्या बाजूला प्रेशर दिलं. मागच्या उघड्या तोंडातनं तेल आलं तर सील गेलं. दोन्ही सिलिंडर कोरडे. स्पूल झिजलाय, तो तसाच ठेवलाय, कारण उचललेल्या लोडरखाली आमच्याकडं कुणी उभं राहत नाही आणि राहू पण नये, ठोकळा लावल्याशिवाय तर अजिबात नाही.

चालू करताना हात थरथरत होते खरं सांगायचं तर. पंपात आधी तेल ओतून हातानं फिरवला, मग स्टार्टरचे दोन झटके, मग आयडलला पाच मिनिटं, लिव्हर सावकाश इकडं तिकडं. सिलिंडर भरत गेले तसं टाकीतलं तेल उतरलं, परत भरलं. गळती बघायला पुठ्ठा घेतला. हातानं चाचपडू नका, सुईच्या टोकाएवढ्या भोकातनं १४० किलोनं येणारं तेल कातडीतनं आत घुसतं, वरनं नुसतं टोचल्यासारखं वाटतं आणि आत बोट सडतं. तसं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

अर्धा तास पळवून तेल तापवलं, रेस १५०० वर. गेज परत आणलं होतं, दाजींच्या परवानगीशिवाय हे आता कबूल करतो. काटा ८ वर. पंपाचा आवाज म्हणजे नुसती गुणगुण. दोन सिलिंडर पूर्ण उघडायला पावणेचार लिटर तेल लागतं, कागदावर सहा सेकंद येतात, मोबाइलच्या घड्याळावर सात आले, आधी गरम झाल्यावर पंधराच्या वर जायचे. आबांनी बघितलं, काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी दोन ट्रॉल्या जास्त टाकायला लावल्या.

खर्च नवीन पंपापेक्षा कमी आला असं लोकांना सांगतोय, पण तेल धरून जास्तच आला, खोटं कशाला बोलू. ट्रॉलीच्या व्हॉल्व्हजवळच्या एका एल्बोतनं दिवसाला दोन-तीन थेंब अजून पडतात.

दाजींच्या गेजमध्ये शेवटी तेल गेलंच. वेढा घालून पण गेलं. त्यांना नवीन आणून दिलं आणि जुनं लोडरलाच कायमचं बसवून टाकलं. परवा घरी आले तेव्हा बॉनेटजवळ वाकून काटा बघत म्हणाले, "काय रं, किती लिटर देतोय मग तुझा लोडर?"

म्हटलं, "मिनिटाला साडेसदतीस."